गाडीला आवाज नाही

त्याला सगळे चिडीचूप म्हणत. आईवडिलांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते आता विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. बॉनेट उघडण्याआधी तो हात वर करून ओरडायचा, "एकदम चिडीचूप!" मग समोर गिऱ्हाईक असो, शेजारचा फरशीवाला असो की स्वतःची बायको असो, सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. फरशीवाल्याचं कटर चालू असलं तर हा खुशाल आत जाऊन बटण बंद करून यायचा. फरशीवाला सुरुवातीला भांडला, मग त्याने नाद सोडला आणि तेवढ्या वेळात चहा प्यायची सवय लावून घेतली.

गॅरेज म्हणजे एक लांबुळकी पत्र्याची शेड. एकीकडे फरश्यांचं दुकान, दुसरीकडे लाँड्री. आत गाड्या एकामागे एक उभ्या राहायच्या, त्यामुळे मागची काढायची तर पुढच्या सगळ्या आधी बाहेर काढाव्या लागत. फाटकापासून रस्त्यापर्यंत चांगला उतार होता. भिंतीवर पाने टांगलेले आणि त्यांच्या खाली खिळ्याला रबरी नळीचा एक तुकडा. चिडीचूपचं खरं हत्यार हेच. एक टोक कानाला लावायचं, दुसरं इंजिनभर फिरवायचं आणि कुठे काय वाजतंय ते ऐकायचं.

त्यातही हवेची गळती शोधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. इंजिन हवा ओढतं, पण ती ठरलेल्या वाटेने ओढायला हवी. कुठे नळीला भेग गेली, कुठे रबर वाळून कडक झालं, कुठे सांधा सैल पडला, की तिथूनही हवा आत शिरते आणि सगळं गणित बिघडतं. उभ्या गाडीला आचके बसतात, पेट्रोल जास्त जातं आणि कुठून तरी बारीक शिट्टी ऐकू येते. ही चोरवाट शोधणं डोकेदुखीचं काम. नळ्या ढीगभर, सगळ्या काळ्या, सगळ्या एकमेकींत गुंतलेल्या. चिडीचूप चालू इंजिनच्या एकेका सांध्यावर कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे मारत जायचा. जिथे भेग असेल तिथून तो आत ओढला जातो आणि इंजिनचा सूर बदलतो. सूर बदलला की याच्या भुवया वर जायच्या.

गिऱ्हाइकाने आवाजाचं वर्णन करायला घेतलं की तो मध्येच तोडायचा. "वर्णन नको. तोंडाने काढून दाखवा." भले भले लाजायचे. एक वकीलसाहेब काळा कोट घालून आले होते. त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच 'कुर्रर्र' केलं. "मोठ्याने," चिडीचूप म्हणाला. लाँड्रीतल्या बायका इस्त्र्या बाजूला ठेवून हसल्या. वकीलसाहेबांची भीड अशी चेपली की पुढच्या खेपेला त्यांनी न विचारताच खणखणीत 'कुर्रर्र' केलं, वर म्हणाले, "वळणावर जरा चढ्या पट्टीत."

तोंडी परीक्षेनंतर फेरी. मालकाने गाडी चालवायची, चिडीचूपने मागच्या सीटवर मधोमध बसून डोळे मिटायचे. फेरी संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मागे मधोमध बसलं की गाडीच्या चारी बाजू सारख्या ऐकू येतात, असा त्याचा सिद्धान्त होता, आणि इतक्या वर्षांत तो सिद्धान्त कधी फसला नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं.

आवाज सापडला तर काम सुरू. नाही सापडला तर तो फडक्याला हात पुसत एकच वाक्य म्हणायचा, "गाडीला आवाज नाही. तुम्हाला आहे." गिऱ्हाईक ओशाळायचं, फरशीवाला खो खो हसायचा. नसलेल्या आवाजासाठी त्याने कधी कुणाच्या गाडीचा साधा नटसुद्धा बदलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण ते वाक्य म्हणताना त्याला मनापासून मजा यायची, हेही सांगायला हवं.

तर एके दिवशी त्याची थोरली बहीण गाडी घेऊन आली. मागोमाग तिचा मुलगा आपल्या गाडीतून आला.

आई लहानपणीच गेली, तेव्हापासून ताईनेच याला वाढवलं होतं. गणितात नापास झाला तेव्हा वडिलांच्या आणि याच्या मध्ये तीच उभी राहिली होती, आणि "त्याला इंजिनं कळतात, गणित नाही कळलं तर काय बिघडलं" असं म्हणाली होती. आता तिचं स्वतःचं वय झालं होतं. टेकडीवरच्या घरात एकटी राहायची आणि खाली गावात बायकांना शिवण शिकवायची. गाडी भावजींची. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी हौसेने तिला चालवायला शिकवलं, आणि ते गेल्यावर तीच गाडी तिचे हातपाय झाली. मागच्या सीटवर शिलाई मशीन टाकायचं आणि उतार उतरून वर्गाला जायचं, हा तिचा नेम.

ताई लाँड्रीतल्या बायकांशी बोलत थांबली तेवढ्यात भाच्याने मामाला बाजूला घेतलं.

"मामा, आई दोन महिने म्हणतेय गाडीला आवाज येतो. मी चालवून बघितली, माझ्या मित्राने बघितली. काही नाही. मागे तिचा गॅस तसाच चालू राहिला होता, तुला माहितीये. प्लंबरला एकाच कामासाठी दोनदा बोलावलं. आणि आता हा आवाज. रोज त्या उतारावरून एकटी जाते रे. मला झोप लागत नाही."

"मग माझं काय काम?"

"आवाज असेल तर दुरुस्त कर, विषय संपला. नसेल तर गाडी विकू आणि तिला आमच्याकडे घेऊन जाऊ. ती बाकी कुणाला जुमानणार नाही. तू सांगितलंस तर ऐकेल."

भाचा वाईट नव्हता. ताईचं घर, तिचा वर्ग आणि तिची किल्ली हे सगळं आता एका आवाजावर येऊन ठेपलं होतं, आणि तो ऐकायचा याने.

"तोंडाने काढून दाखव," तो ताईला म्हणाला.

ताई लाजली वगैरे अजिबात नाही. "हुस्सऽऽऽ," ती म्हणाली. "रडणाऱ्या पोराला गप्प करतात ना, तसा. तुला काय सांगायचं, तुझ्यासाठी तर जन्मभर काढलाय."

"कधी येतो?"

"घरून खाली येताना येतो. सिग्नलला येतो. कधीकधी येतही नाही."

"कुठून येतो?"

"खालून कुठून तरी. नक्की नाही सांगता येत रे."

त्याने मान हलवली, मागच्या सीटवर मधोमध बसला आणि डोळे मिटले. "एकदम चिडीचूप," तो म्हणाला. ताईने गाडी काढली.

ती सुरेख चालवत होती. गिअर लोण्यासारखे पडत होते. सिग्नलला थांबली की लगेच हॅन्डब्रेक ओढल्याचा कर्रकन आवाज यायचा, चढावर थांबली तरी तेच. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं, असं त्याच्या मनात आलं. इंजिन गुरगुरत होतं, मागचं एक चाक किंचित घासत होतं, डिकीत भावजींची छत्री लोळत होती. हुस्स मात्र कुठेच नव्हतं. टेकडीपर्यंत जाऊन आले. तो म्हणाला, पुन्हा एकदा. पुन्हा जाऊन आले. ताई मधूनमधून आरशात त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होती, पण बोलायची बंदी होती, म्हणून बोलली नाही.

गॅरेजमध्ये आल्यावर त्याने बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून एकेक नळी, एकेक सांधा स्प्रेने तपासला. ब्रेककडे जाणारी जाड नळीही सोडली नाही. सूर जराही हलला नाही. रबरी तुकडा कानाला लावून सगळीकडे फिरवला. काही नाही. त्याला खरंच वाटत होतं की काहीतरी सापडावं. शेवटी त्याने फडकं घेतलं.

"ताई, गाडीला आवाज नाही."

पुढचं वाक्य त्याने गिळलं. पण ते साऱ्या गल्लीला पाठ होतं, तसं ताईलाही पाठ होतं. फरशीवाला या वेळी हसला नाही, उगाच आत जाऊन फरश्या हलवायला लागला.

ताई गाडीकडे वळली. "मग मला आहे," ती म्हणाली. तिने पर्समधून किल्ली काढली, रुमालाने पुसली, बाकावर ठेवली आणि मुलाच्या गाडीत जाऊन बसली.

गाडी विकली जाईपर्यंत गॅरेजमध्येच राहणार होती. रोज सकाळी ती बाहेर काढायची आणि संध्याकाळी आत घालायची, हे एक जास्तीचं काम चिडीचूपच्या गळ्यात पडलं. ताईचा विषय तो घरी काढत नसे. पण एकदा जेवताना त्याची बायको म्हणाली, "वन्संचा फोन होता. विचारत होत्या, काल मी तुला फोन केला होता का गं? केला होता म्हटलं. तर म्हणाल्या, हां, मग बरोबर."

"वय झालं आता तिचं," तो म्हणाला.

"मागच्या महिन्यात नव्हतं झालं?" बायको म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

एके सकाळी तो ताईची गाडी बाहेर काढत होता. लाँड्रीवाल्याने नुकताच चहा दिलेला, म्हणून डाव्या हातात कप होता. गाडी उतारावर आली आणि नेमके दोन हमाल एक लाकडी कपाट उचलून फाटकासमोर आले. कपाट जड असावं. त्यांनी ते बरोबर बॉनेटपुढे टेकवलं आणि कंबरेवर हात ठेवून एकमेकांना शिव्या देत उभे राहिले. चिडीचूपला हॅन्डब्रेक ओढायचा होता, पण हातात कप. म्हणून त्याने ब्रेकवर पाय अर्धवट दाबून गाडी तशीच तोलून धरली आणि चहाचा घोट घेतला.

हुस्सऽऽऽ.

आवाज त्याच्या पायापाशी होता. इंजिनचा सूर किंचित खाली गेला. त्याने पाय उचलला, गाडी जराशी सरकली, हमाल ओरडले, आवाज बंद. पुन्हा अर्धा दाबला. हुस्सऽऽऽ. रडणाऱ्या पोराला गप्प करतात, अगदी तसा. करकचून दाबला, तर बंद. चहा त्याच्या मांडीवर सांडला. तो चांगला गरम होता, पण हे त्याला नंतर कळलं.

हमालांना त्याने कपाट हलवू दिलं, गाडी परत आत घेतली आणि बायकोला हाक मारली. ती आली तेव्हा हा ड्रायव्हरच्या दारातून अर्धा आत, डोकं पेडलच्या वर, पाय बाहेर जमिनीवर, असा आडवा पडला होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"पलीकडून आत ये आणि ब्रेक दाब. हळू. अर्धाच."

"तुमच्या डोक्यावरून पाय घालू?"

"घाल. माझ्या डोक्याचं तेवढंच काम राहिलंय."

तिने पलीकडच्या सीटवरून वाकडं होऊन चप्पल काढलेला पाय नेमका पेडलवर ठेवला आणि दाबला. दोघांनी ऐकलं. फरशीवाल्याने न सांगता कटर बंद केलं होतं.

"वन्संनी फोनवर काढून दाखवला होता तसाच आहे," ती म्हणाली.

ब्रेक दाबायला पायाला जोर मिळावा म्हणून पेडलच्या पुढे एक मोठा डबा असतो. त्यात रबराचा पडदा असतो आणि इंजिनच्या ओढीवर तो काम करतो. त्या पडद्याला चीर गेली होती. पाय उचललेला असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच ओढ, म्हणून गळती नाही, म्हणून स्प्रेला काही सापडलं नाही. करकचून दाबला की चीर मिटत होती. फक्त पाय अर्धवट ठेवला की तिथून हवा आत शिरायची. भाचा गाडीत बसला की आधी गाणी लावायचा आणि सिग्नलला ब्रेक करकचून दाबून ठेवायचा. त्याला कुठून ऐकू येणार? आणि ताई? ताईने त्या दिवशी प्रत्येक ठिकाणी हॅन्डब्रेक ओढला होता. तो कर्रकन आवाज त्याने डोळे मिटून ऐकला होता आणि मनात शाबासकीही दिली होती. मागच्या सीटवर चारी बाजू सारख्या ऐकू येतात, पण ड्रायव्हरच्या पायाखालचं तेवढं येत नाही, हे त्याच्या सिद्धान्तात बसलं नव्हतं.

मग त्याला तो टेकडीचा उतार दिसला. चीर वाढत गेली असती. एके दिवशी ताईने ब्रेक दाबला असता आणि पेडल दगडासारखं घट्ट लागलं असतं, गाडी थांबली नसती. ती दोन महिने हेच सांगत होती. कुठल्याही गिऱ्हाइकाने सांगितलं नसेल इतकं नीट सांगितलं होतं, अगदी तोंडाने काढून. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आता हे मला काय सांगताय?" बायको म्हणाली. "वन्संना सांगा."

गाडी तशी चालवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तो चालत निघाला. टेकडी चढून जाईपर्यंत त्याने मनात चांगलं भाषण तयार केलं. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत खोकी अर्धी भरलेली, शिलाई मशीनवर कापड टाकलेलं. ताई स्वयंपाकघरात गॅसच्या बटणाशी उभी होती. तिने बटण बंद असल्याचं बघितलं, बाहेर आली, पुन्हा आत गेली, पुन्हा बटणाला हात लावून बघितला. मग टेबलावरचं कापड टेपने मोजलं. लगेच तेच कापड दुसऱ्यांदा मोजायला घेतलं. आयुष्यभर ही बाई नजरेने कापड बेतत आली होती. एका गॅसच्या विसरण्याने असं झालं नव्हतं. हे त्याच्या अर्ध्या वाक्याने झालं होतं.

तिची नजर वर गेली. त्याने तोंड उघडलं, पण भाषण कुठल्या कुठे गेलं.

"हुस्सऽऽऽ," तो दारातूनच म्हणाला.

ताईच्या हातातला टेप तसाच राहिला. "अजून लांब असतो," ती सावकाश म्हणाली.

"हुस्सऽऽऽऽऽऽ."

"ऐकलास?"

"ऐकला. ब्रेकमध्ये आहे. अर्धा दाबला की येतो."

"मेल्या," ताई म्हणाली. ती खुर्चीवर बसली आणि टेप डोळ्यांना लावून रडायला लागली. तोही रडला. मग तिने नाक पुसलं. "मग त्या दिवशी का नाही आला?"

"तू सारखा हॅन्डब्रेक ओढत होतीस."

"ओढणार नाही तर काय! तू मागे परीक्षा घ्यायला बसल्यासारखा डोळे मिटून. लायसन्सच्या वेळी यांनी घोटून घेतलं होतं तसं सगळं केलं मी. एरवी कोण ओढतंय दर सिग्नलला?"

"आणि मी मागे बसलो होतो."

"मी खालून म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

डबा काढण्याआधी त्याने भाच्याला बोलावून घेतलं. ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसली, तिच्या पायाशी तिच्या मुलाने ऑफिसच्या कपड्यांत डोकं घातलं, आणि लाँड्रीतल्या बायका फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. ताईने ब्रेक अर्धा दाबला. मुलगा वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"आई, मी..."

"गॅस राहिला होता, ते खरं आहे," ताई म्हणाली. "ते मी कुठे नाही म्हणते? पण हाही खरा होता."

नवा डबा बसला. चाचणीच्या फेरीसाठी चिडीचूप सवयीने मागचं दार उघडायला गेला.

"पुढे बस," ताई म्हणाली.

तो पुढे बसला. ती टेकडी चढून गेली, घरापाशी गाडी वळवली आणि उताराच्या तोंडाशी थांबली. हॅन्डब्रेकला हात लावला नाही. ब्रेकवर पाय अर्धा ठेवून तिने गाडी तोलून धरली. दोघं ऐकत राहिले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, मग वळसा घालून पुढे गेला.

"थांबला ना रे?" ताईने विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "की मलाच ऐकू येत नाहीये?"

त्याच्या कानाने तर केव्हाच निकाल दिला होता, आणि तो जिभेवरही आला होता. तो त्याने तिथेच थांबवला.

"तुला येतोय का?"

ताईने मान किंचित खाली घातली आणि ऐकलं. पुरेसा वेळ घेतला. "नाही," ती म्हणाली.

"मग नाही," तो म्हणाला.

ताईने ब्रेकवरचा पाय सैल केला आणि गाडी उताराला लागली.